स्थान बदलणारे संरक्षण : फिरत्या विमानविरोधी क्षेपणास्त्र प्रणाली आणि महाराष्ट्र

प्रस्तावना

भाईंदरच्या पश्चिमेस चौक गावानजीकच्या टेकडीवर धारावीच्या किल्ल्याचे अवशेष आजही दिसतात. वसईच्या खाडीचे मुख या टेकडीवरील तोफांच्या टप्प्यात येत असे. म्हणूनच १७३७ ते १७३९ या काळातील वसईच्या मोहिमेत मराठे आणि पोर्तुगीज या दोहोंनी या लहानशा ठाण्यासाठी मोठी किंमत मोजली. चिमाजी आप्पांच्या सैन्याने मार्च १७३९ मध्ये धारावी घेतली आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात वसईचा कोट पडला. या घटनेतील एक साधी बाब लष्करी इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. धारावीची तोफ एका जागी रोवलेली होती आणि तरीही ती परिणामकारक होती, कारण तिच्या शत्रूचा मार्गही ठरलेला होता. वसईला रसद पोहोचवणाऱ्या गलबताला खाडीच्या मुखातूनच यावे लागे.

विमानाला अशी खाडी नसते. ते कोणत्याही दिशेने, कोणत्याही उंचीवरून येऊ शकते आणि संरक्षकाची जागा त्याला एकदा कळली की त्या जागेला वळसा घालू शकते किंवा प्रथम त्या जागेवरच आघात करू शकते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विमानविरोधी शस्त्रे चाकांवर आणि साखळीपट्ट्यांवर चढली, त्याचे मूळ कारण हे आहे.

प्रस्तुत निबंधात जमिनीवरून हवेत मारा करणाऱ्या फिरत्या क्षेपणास्त्र प्रणालींचा विचार महाराष्ट्राच्या संदर्भात केला आहे. या प्रणालींविषयी लिहिताना पल्ला, उंची आणि वेग हे तीन आकडे आवर्जून दिले जातात. ते आकडे चुकीचे नसतात. परंतु त्यांच्यावरून प्रणालीची योग्यता ठरत नाही. १९६५ पासूनच्या युद्धांचा अनुभव पाहता दोन कालावधी अधिक निर्णायक ठरले आहेत. मारा केल्यानंतर तुकडीला सामान आवरून जागा सोडण्यास किती वेळ लागतो, हा पहिला. रडारच्या पडद्यावर दिसणारा ठिपका कोणाचा आहे याचे खात्रीचे उत्तर मिळण्यास किती वेळ लागतो, हा दुसरा. पहिला कालावधी कमी करण्यासाठी जे उपाय योजले जातात, तेच पुष्कळदा दुसरा कालावधी वाढवतात किंवा ते उत्तर मिळण्याची शक्यताच नाहीशी करतात. या शस्त्राची खरी अडचण येथे आहे, आणि तिची किंमत सैनिकांइतकीच निःशस्त्र प्रवाशांनीही मोजली आहे.

कुलाबा ते देवळाली

भारतीय सैन्याच्या विमानविरोधी शाखेचा आरंभ मुंबईत झाला, ही गोष्ट मुंबईकरांनाही फारशी ठाऊक नसते. दुसरे महायुद्ध सुरू असताना १५ सप्टेंबर १९४० रोजी कुलाबा येथे पहिली विमानविरोधी प्रशिक्षण बॅटरी उभारण्यात आली. पुढे १९४१ मध्ये प्रशिक्षणाचे मोठे केंद्र कराचीत सुरू झाले. फाळणीमुळे कराची परदेशात गेली आणि हे प्रशिक्षण नाशिकजवळील देवळालीच्या तोफखाना विद्यालयाकडे आले. १९८९ मध्ये ते ओडिशातील गोपाळपूर येथे हलवण्यात आले, आणि १० जानेवारी १९९४ रोजी हवाई संरक्षण ही शाखा तोफखान्यापासून पूर्णतः विलग झाली. म्हणजे स्वातंत्र्यानंतरची सुमारे चार दशके भारतीय भूदलाच्या हवाई संरक्षणाचे विद्यापीठ नाशिक जिल्ह्यात होते.

या चार दशकांत शस्त्र बदलले. आरंभी तोफा होत्या. गोळ्यांचा पडदा उभारायचा आणि विमान त्या पडद्यात शिरेल अशी अपेक्षा करायची, ही तोफेची पद्धत. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत मुंबईने काळोख पाळला तो याच कल्पनेच्या छायेत. वैमानिकाला शहर दिसू नये आणि दिसलेच तर तोफांनी त्याला उंचावर ठेवावे. १९६० च्या दशकात हवाई दलाकडे सोव्हिएत संघाचे एस-७५ हे क्षेपणास्त्र आले. ते उंचावरील विमानांसाठी होते आणि एका जागी मांडलेल्या तळावरून सोडले जाई. १९७० च्या दशकात पेचोरा आले. त्याच दशकात भूदलाला क्वाद्रात ही साखळीपट्ट्यांच्या गाडीवरील प्रणाली मिळाली आणि पुढे १९८० च्या दशकात ओसा-एके. ओसाची रचना विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे. शोध घेणारे रडार, नेम धरणारे रडार आणि सहा क्षेपणास्त्रे हे सर्व एकाच सहाचाकी वाहनावर असते, आणि ते वाहन पाण्यातूनही जाऊ शकते. क्वाद्रातमध्ये मात्र रडार एका गाडीवर आणि क्षेपणास्त्रे वेगळ्या चार गाड्यांवर, प्रत्येकी तीन, अशी विभागणी होती. या दोन रचनांतील फरक वरवर पाहता तांत्रिक वाटतो. पुढे पाहू त्याप्रमाणे तो फरक निर्णय कोणाच्या हाती राहतो याचाही आहे.

रडार उघडले की ठिकाण कळते

२४ जुलै १९६५ रोजी उत्तर व्हिएतनाममध्ये एस-७५ क्षेपणास्त्राने अमेरिकेचे एफ-४ विमान पाडले. तीन दिवसांनी अमेरिकेने सूड म्हणून दोन क्षेपणास्त्र तळांवर हल्ला केला. त्यांपैकी एक तळ बनावट निघाला, दुसरा रिकामा होता, आणि भोवती दडवलेल्या तोफांच्या माऱ्यामुळे हल्ला करणाऱ्यांचीच सहा विमाने गेली. एस-७५ ही खऱ्या अर्थाने फिरती प्रणाली नव्हती. ती उचलून दुसरीकडे नेण्यास कित्येक तास लागत. तरीही व्हिएतनामी तुकड्या ती रात्रीतून हलवत राहिल्या. वाहनाला चाके असणे आणि तुकडीला हलण्याची सवय असणे या दोन गोष्टी भिन्न आहेत, हे या पहिल्याच प्रसंगातून दिसून येते.

ऑक्टोबर १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धात क्वाद्रातचाच सोव्हिएत अवतार, म्हणजे कुब, इजिप्त आणि सीरियाच्या सैन्यांबरोबर रणांगणावर आला. त्याच्या मार्गदर्शनाच्या लहरींवर इस्रायलकडे तेव्हा उपाय नव्हता. संपूर्ण युद्धात इस्रायलने सुमारे शंभर विमाने गमावली. इजिप्तचे सैन्य जोवर या क्षेपणास्त्रांच्या छत्राखाली सुवेझ कालव्याच्या काठावर राहिले, तोवर इस्रायली हवाई दलाला त्याला हलवता आले नाही. १४ ऑक्टोबरला इजिप्तचे रणगाडे त्या छत्राबाहेर पूर्वेकडे निघाले आणि त्यांची भीषण हानी झाली. दोनच दिवसांनी इस्रायली सैन्याने कालवा ओलांडला, आणि जे काम विमानांना जमले नव्हते ते रणगाड्यांनी केले. पश्चिम तीरावरील क्षेपणास्त्र तळ जमिनीवरून चिरडले गेले.

यानंतरचा प्रसंग या विषयाच्या अभ्यासात पुन्हा पुन्हा उद्धृत होतो, आणि तो योग्यच आहे. १९८१ मध्ये सीरियाने लेबनॉनमधील बेका खोऱ्यात आपल्या बॅटऱ्या नेल्या. त्यांतील मोठा भाग कुबचा, म्हणजे फिरत्या प्रणालीचाच होता. परंतु तुकड्यांनी मोर्चे खणले, मातीचे बांध घातले आणि त्या तेथेच राहिल्या. वर्षभरात इस्रायलने प्रत्येक मोर्चाची छायाचित्रे घेतली. ९ जून १९८२ रोजी प्रथम मानवरहित विमाने आणि फसवी लक्ष्ये खोऱ्यावर सोडण्यात आली. सीरियाच्या रडारांनी त्यांना खरी विमाने समजून लहरी सोडल्या, आणि त्या लहरींच्या आधारे काही तासांत बहुतेक सर्व बॅटऱ्या नष्ट झाल्या. नऊ वर्षांपूर्वी ज्या शस्त्राने इस्रायलला हादरा दिला, तेच शस्त्र येथे निरुपयोगी ठरले. यंत्रात बिघाड नव्हता. गाडीला साखळीपट्टे होते, इंजिन चालू होते; ती हलली नाही एवढेच.

याच्या उलट उदाहरण १९९९ च्या कोसोव्हो संघर्षातील. २७ मार्च रोजी युगोस्लाव्हियाच्या एका तुकडीने अमेरिकेचे रडारला सहसा न दिसणारे एफ-११७ विमान पाडले. वापरलेले क्षेपणास्त्र होते एस-१२५, म्हणजे भारतीय हवाई दलातले पेचोराच. ते तंत्र तेव्हाही जुनेच होते. तुकडीचे प्रमुख झोल्टान डानी यांनी आपल्या माणसांना रडार काही सेकंदांपलीकडे चालू न ठेवण्याची आणि मारा होताच जागा सोडण्याची शिस्त लावली होती. त्याच मोहिमेत युगोस्लाव्हियाच्या सुमारे पंचवीस फिरत्या कुब बॅटऱ्यांपैकी अवघ्या तीन नष्ट झाल्याचा अंदाज अभ्यासकांनी दिला आहे. या बॅटऱ्यांनी फार विमाने पाडली नाहीत, हेही तितकेच खरे. परंतु त्या कोठेतरी जिवंत आहेत या एकाच शक्यतेमुळे नाटोच्या वैमानिकांना अठ्ठ्याहत्तर दिवस उंचावरून उडावे लागले आणि प्रत्येक हल्ल्यासोबत रडारविरोधी विमानांचा ताफा ठेवावा लागला. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनने रशियाचा पहिला आघात होण्यापूर्वीच आपल्या बहुतेक फिरत्या प्रणाली नेहमीच्या तळांवरून विखरून टाकल्या, आणि रशियन विमानांना युक्रेनच्या आकाशात मोकळेपणा मिळाला नाही.

मराठी अभ्यासकाला येथे गनिमी काव्याची आठवण होणे स्वाभाविक आहे. चपळाई, अचानक आघात आणि लगेच अदृश्य होणे ही लक्षणे जुळतात. तथापि ही तुलना फार ताणता येत नाही. गनिमी काव्याने लढणारी फौज प्रसंगी मुलूख मोकळा सोडून निघून जाऊ शके. तिचे बळ न अडकण्यात होते. हवाई संरक्षणाच्या तुकडीला ही मुभा नाही. ज्याचे रक्षण करायचे ते धरण, ते बंदर, ती अणुभट्टी हलत नाही. रक्षक फिरता आणि रक्ष्य स्थिर, ही स्थिती गनिमापेक्षा किल्लेदाराला जवळची आहे. फक्त या किल्लेदाराला बुरुज दर काही तासांनी बदलावा लागतो.

दिघीचा प्रक्षेपक

१९८३ मध्ये डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या नेतृत्वाखाली एकात्मिक मार्गदर्शित क्षेपणास्त्र विकास कार्यक्रम सुरू झाला. पृथ्वी, अग्नी, त्रिशूल, आकाश आणि नाग ही त्यातील पाच क्षेपणास्त्रे. हैदराबाद आणि बंगळूर यांची नावे या कार्यक्रमाशी कायमची जोडली गेली आहेत. पुण्याचा वाटा तुलनेने दुर्लक्षित राहिला. आकाशचे क्षेपणास्त्र हैदराबादेत आकाराला आले, त्याचे ‘राजेंद्र’ हे रडार बंगळूरच्या प्रयोगशाळेने घडवले; परंतु ज्या यंत्रामुळे ही प्रणाली फिरती झाली तो प्रक्षेपक पुण्याजवळील दिघी येथील संशोधन व विकास आस्थापनेच्या अभियांत्रिकी शाखेने तयार केला. ही संस्था मुख्यतः लष्करी पुलांसाठी ओळखली जाते. पुण्याच्याच उच्च ऊर्जा पदार्थ संशोधन प्रयोगशाळेचा आकाशच्या इंधनाच्या विकासात सहभाग होता.

प्रक्षेपक म्हणजे क्षेपणास्त्र ठेवण्याचा सांगाडा, असा समज असतो. प्रत्यक्षात तो एक कठीण प्रश्न आहे. आकाशचे एक क्षेपणास्त्र सुमारे ७२० किलो वजनाचे आणि जवळपास ५.८ मीटर लांबीचे असते. प्रक्षेपकावर अशी तीन असतात. हे ओझे खडबडीत वाटेने न्यायचे, थांबताच आधाराचे पाय जमिनीत रोवून सांगाडा समतल करायचा, उत्तर दिशा अचूक धरायची आणि मग रडारच्या आज्ञेनुसार तीनशेसाठ अंशांत कोठेही वळवायचा. जमीन उतरती असेल तर सांगाड्याला ते कळले पाहिजे. दिशेच्या जुळणीत थोडीशी चूक राहिली तर रडार एकीकडे पाहील आणि क्षेपणास्त्र दुसरीकडे झेपावेल. स्थिर तळावर ही जुळणी एकदाच करावी लागते. फिरत्या तुकडीला ती प्रत्येक मुक्कामी, अंधारात, पावसात आणि घाईत करावी लागते.

भूदल आणि हवाई दल यांच्या गरजाही वेगळ्या होत्या. भूदलाला रणगाड्यांबरोबर चालणारी प्रणाली हवी होती. म्हणून प्रथम बीएमपी-२ या चिलखती वाहनाच्या आणि नंतर टी-७२ रणगाड्याच्या सांगाड्यावर प्रक्षेपकाची बांधणी करण्यात आली. हवाई दलाला विमानतळांचे रक्षण करायचे असल्याने मालमोटारीने ओढला जाणारा प्रक्षेपक पुरेसा होता. उत्पादनाचे काम खासगी उद्योगाकडेही आले. मुंबईतील टाटा पॉवर कंपनीचा सामरिक अभियांत्रिकी विभाग, जो २०२० मध्ये टाटा अ‍ॅडव्हान्स्ड सिस्टिम्समध्ये विलीन झाला, आणि लार्सन अँड टुब्रो यांनी आकाशचे प्रक्षेपक बांधले. लार्सन अँड टुब्रोचा तळेगावचा कारखाना या कामासाठी ओळखला जातो. तळेगावच्या इंद्रायणीकाठच्या परिसरात विमानविरोधी शस्त्राचा महत्त्वाचा भाग तयार व्हावा, ही महाराष्ट्राच्या औद्योगिक इतिहासातील नोंद घेण्याजोगी घटना आहे.

आकाशची वाटचाल संथ होती. पहिले उड्डाण १९९० मध्ये झाले. हवाई दलाच्या चाचण्या डिसेंबर २००७ मध्ये चांदीपूर येथे पार पडल्या. भूदलाने ती मे २०१५ मध्ये आणि हवाई दलाने जुलै २०१५ मध्ये औपचारिकरीत्या स्वीकारली. तीन दशकांच्या या विलंबावर कठोर टीका झाली आणि ती अनाठायी नव्हती. ज्या क्वाद्रातची जागा आकाशने घ्यायची, ती मधल्या काळात म्हातारी झाली होती. सुमारे २५ किलोमीटरचा पल्लाही २०१५ मध्ये नवलाचा राहिला नव्हता.

परंतु रचनेच्या दृष्टीने आकाशमध्ये एक गोष्ट जुनीच ठेवली गेली आणि ती विचारात घेण्याजोगी आहे. क्वाद्रातप्रमाणेच येथेही एका बॅटरीत एक राजेंद्र रडार आणि चार प्रक्षेपक असतात. एकटा प्रक्षेपक आपल्या जोरावर लक्ष्य शोधून मारा करू शकत नाही. बॅटरीचे नियंत्रण केंद्र, त्यावर गटाचे नियंत्रण केंद्र, अशी उतरंड आहे. टीकाकारांच्या मते ही उणीव आहे, कारण रडार गेले की चारही प्रक्षेपक आंधळे होतात. हे मान्यच करावे लागेल. मात्र याच रचनेमुळे निर्णय एका वाहनातील तीन-चार माणसांवर एकाकीपणे येऊन पडत नाही. या मुद्द्याचे महत्त्व पुढील घटनांवरून स्पष्ट होते.

ओळखीचा प्रश्न

कुबची ही उणीव सोव्हिएत अभियंत्यांनीही ओळखली होती. म्हणून त्यानंतरच्या बुक या प्रणालीत प्रत्येक मारा करणाऱ्या वाहनावर स्वतंत्र रडार बसवले गेले. मुख्य रडार नष्ट झाले तरी एकेक वाहन स्वतः लढू शकेल, हा हेतू. १७ जुलै २०१४ रोजी पूर्व युक्रेनवरून जाणारे मलेशिया एअरलाइन्सचे एमएच-१७ हे विमान बुक क्षेपणास्त्राने पडले आणि २९८ जण मृत्युमुखी पडले. संयुक्त तपास पथकाच्या निष्कर्षानुसार ते वाहन रशियाच्या ५३ व्या विमानविरोधी ब्रिगेडचे होते. ते आपल्या संपूर्ण बॅटरीविना, एकटे शेतात उभे होते. २०२२ मध्ये नेदरलँड्सच्या न्यायालयाने तिघांना त्यांच्या गैरहजेरीत दोषी ठरवले. एकट्या वाहनाचे रडार ठिपका दाखवते आणि नेम धरते. विस्तृत हवाई क्षेत्राचे चित्र त्याच्याजवळ नसते. टिकून राहण्यासाठी दिलेले स्वातंत्र्य येथे अंधत्व ठरले.

तेहरानची घटना तर अधिकच बोलकी आहे. ८ जानेवारी २०२० च्या पहाटे इराणने इराकमधील अमेरिकी तळांवर क्षेपणास्त्रे डागली होती आणि प्रतिहल्ल्याची अपेक्षा होती. नागरी विमानतळ मात्र चालू ठेवण्यात आला. कीव्हला निघालेले युक्रेनचे प्रवासी विमान उड्डाणानंतर काही मिनिटांत दोन टोर क्षेपणास्त्रांनी पाडले आणि १७६ जण मरण पावले. टोर ही ओसाच्या परंपरेतील, सर्व काही एका वाहनावर असलेली प्रणाली आहे. इराणच्या नागरी विमान वाहतूक संस्थेच्या अहवालात दिलेले कारण असे : तुकडीने जागा बदलल्यानंतर उत्तर दिशेची जुळणी नीट झाली नव्हती. परिणामी रडारची दिशा शंभरहून अधिक अंशांनी चुकली, आणि विमानतळावरून दूर जाणारे विमान शहराकडे येणारे लक्ष्य भासले. वरिष्ठ केंद्राशी संपर्क साधण्याचा प्रयत्न निष्फळ ठरला आणि चालकाने उत्तर न मिळताच मारा केला. या स्पष्टीकरणावर मृतांच्या देशांनी समाधान मानले नाही आणि जबाबदारीचा प्रश्न अद्याप वादात आहे. तथापि या अहवालातील प्रत्येक दुवा, म्हणजे स्थलांतर, दिशेची जुळणी, तुटलेला संपर्क आणि घाई, हा फिरत्या प्रणालीच्या स्वभावातूनच आलेला आहे.

अशी चूक परक्यांच्याच हातून होते असे नाही. २७ फेब्रुवारी २०१९ रोजी काश्मीर सीमेवर हवाई चकमक चालू असताना बडगाम येथे भारतीय हवाई दलाचे एमआय-१७ हेलिकॉप्टर आपल्याच श्रीनगर तळावरून सोडलेल्या स्पायडर क्षेपणास्त्राने पडले. सहा हवाई सैनिक आणि जमिनीवरील एक नागरिक मृत्युमुखी पडले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हवाई दलप्रमुखांनी ही आपली मोठी चूक असल्याचे जाहीरपणे मान्य केले. हा कबुलीजबाब महत्त्वाचा होता, कारण संघटनेतील दोष मान्य केल्याविना त्यावर उपाय होत नाही.

उपायाची दिशा क्षेपणास्त्राकडे नसून दूरसंचाराकडे आहे. हवाई दलाची एकात्मिक हवाई नियंत्रण व्यवस्था आणि भूदलाची ‘आकाशतीर’ ही व्यवस्था यासाठीच आहेत. मार्च २०२३ मध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्सशी १,९८२ कोटी रुपयांचा आकाशतीरचा करार झाला. वेगवेगळ्या रडारांचे चित्र एकत्र करून तेच चित्र शेवटच्या तुकडीपर्यंत पोहोचवायचे, असे तिचे काम आहे. तुकडी कोठेही गेली तरी तिला स्वतःचे रडार सतत चालू ठेवावे लागू नये आणि तरीही आकाशात काय चालले आहे ते तिला दिसावे, हा हेतू. पूर्वी सांगितलेल्या दोन कालावधींचा परस्परविरोध कमी करण्याचा हाच एक मार्ग सध्या उपलब्ध आहे. अर्थात जॅमिंग झाले, जाळे तुटले, तर तुकडी पुन्हा एकाकी होते. त्या क्षणी काय करायचे हे यंत्राने नव्हे, प्रशिक्षणाने ठरते.

तारापूर आणि ट्रॉम्बे यांच्या मधे

मे २०२५ मधील ऑपरेशन सिंदूरच्या काळात या व्यवस्थेची कसोटी लागली. शासकीय माहितीनुसार ८ व ९ मेच्या रात्री पाकिस्तानने छत्तीस ठिकाणी तीनशे ते चारशे ड्रोन पाठवले. त्यांच्याविरुद्ध आकाशबरोबरच पेचोरा, ओसा-एके आणि जुन्या विमानविरोधी तोफाही वापरल्या गेल्या. देवळालीच्या काळातील शस्त्रे आणि दिघीचा प्रक्षेपक एकाच रणांगणावर आले. यातील जुन्या शस्त्रांचे यश काहींना आश्चर्याचे वाटले. परंतु स्वस्त ड्रोनवर महाग क्षेपणास्त्र खर्चण्यापेक्षा तोफेचा गोळा परवडतो, हे गणित सोपे आहे. भारतानेही याच दिवसांत लाहोर येथील हवाई संरक्षण प्रणाली निष्प्रभ केल्याचे जाहीर केले.

मीरा-भाईंदरच्या दृष्टीने हा विषय दूरचा नाही. या शहराच्या उत्तरेस तारापूरचे अणुवीज केंद्र, दक्षिणेस ट्रॉम्बेचे भाभा अणुसंशोधन केंद्र, आणि पश्चिमेस समुद्रात मुंबई हायचे तेलक्षेत्र आहे. २०११ च्या जनगणनेत येथील लोकसंख्या आठ लाखांवर होती. मोक्याच्या स्थळांच्या रक्षणाचा विचार जेव्हा होतो तेव्हा अशी दाट वस्ती त्या रक्षणाच्या छायेत येतेच. फिरत्या प्रणालीच्या संदर्भात येथे एक अडचण उभी राहते, जिचा विचार वाळवंट आणि गव्हाची शेते यांवर आधारलेल्या युद्धशास्त्रात क्वचितच आढळतो. जागा बदलायची तर दुसरी जागा असावी लागते. रडारला मोकळे क्षितिज लागते, प्रक्षेपकाला सपाट आणि भक्कम भूमी लागते, ताफ्याला रस्ता लागतो. वसई ते दहिसर या पट्ट्यात एका बाजूला खाडी, मिठागरे आणि तिवरे, दुसऱ्या बाजूला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर, आणि मधल्या चिंचोळ्या जागेत इमारती व महामार्ग आहेत. बेका खोऱ्यातील तुकड्या हलू शकत असूनही हलल्या नाहीत. महानगराच्या सीमेवरील तुकडीची इच्छा असूनही तिला हलायला वाव थोडा असतो. पाडलेल्या लक्ष्याचे आणि चुकलेल्या क्षेपणास्त्राचे अवशेषही कोठेतरी खाली येणारच, आणि दाट वस्तीत ते ‘कोठेतरी’ म्हणजे कोणाचे तरी छप्पर असते.

याहून बिकट प्रश्न आकाशाचा आहे. ९ मे २०२५ च्या पत्रकार परिषदेत भारतीय अधिकाऱ्यांनी एक चित्र दाखवले होते. सीमेच्या अलीकडील भारतीय हवाई क्षेत्र बंद केल्यामुळे रिकामे होते. पलीकडे मात्र, ड्रोनचा हल्ला चालू असतानाही, कराची आणि लाहोर यांच्या दरम्यान प्रवासी विमाने उडत होती. या परिस्थितीत भारतीय हवाई संरक्षणाने संयम बाळगल्याचे तेव्हा सांगण्यात आले. उत्तर आणि पश्चिम भारतातील बत्तीस विमानतळ त्या वेळी नागरी उड्डाणांसाठी बंद होते. १२ मे रोजी ते पुन्हा उघडले. मुंबई या बत्तीसांत नव्हती. मुंबईच्या विमानतळावर दिवसाला सुमारे नऊशे विमाने उतरतात आणि उडतात, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबईच्या दुसऱ्या विमानतळाचे उद्घाटन झाले. म्हणजे या परिसरात उभ्या राहणाऱ्या कोणत्याही तुकडीच्या पडद्यावर रात्रीच्या शांत वेळीही ठिपके असणार, आणि त्यांतील जवळजवळ प्रत्येक ठिपक्यात शंभर-दोनशे प्रवासी बसलेले असणार. धारावीच्या गोलंदाजाला खाडीत शिरणाऱ्या गलबताचे निशाण डोळ्यांनी पाहता येत असे आणि भरती-ओहोटीच्या गतीने येणारे ते गलबत त्याला विचाराला तासभर देत असे. आकाशच्या चालकाकडे त्यासाठी काही सेकंद असतात.